वार्धक्य, जुने दुखणे आणि आरोग्यविमा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांची नोंदणी, शिक्षणनिधी हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय होत. आणि ते तसे असावयासच हवेत. यंदा मात्र चिटणीसांनी ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, विमा कंपनीचे प्रतिनिधीही नव्हे. परंतु विम्याचे कागद वाचून घेण्यासाठी ज्ञातीतील मंडळी आमच्याकडे येत असतात, तेवढ्याच अधिकारावर आम्ही हे धाडस करीत आहोत.

विमा ही वस्तू आपल्या जिल्ह्याला परकी नाही. सहकार म्हणजे काय हे नगर जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचे लहानलहान भाग एकत्र करून साखर कारखाना उभा केला. विम्याचे तत्त्व तेच आहे. पुष्कळांनी थोडेथोडे घालावे आणि ज्याच्यावर संकट कोसळेल त्याने त्यातून घ्यावे. अडचण एवढीच की, ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयाचे दुखणे आहे, त्याला घेताना कंपनी कचरते. आणि गरज तर त्यालाच सर्वांत अधिक असते. मुले पुण्यास वा चाकणला, आईवडील श्रीरामपुरास वा राहुरीस, आणि एका शस्त्रक्रियेसाठी शेतीचा तुकडा गहाण, असे प्रसंग आपल्या ज्ञातीत नवीन नाहीत.

म्हणून प्रथम ज्यांचे वय ७० पूर्ण झाले आहे त्यांना सांगतो. २९ ऑक्टोबर १९२४ ही नव्हे, २०२४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून आयुष्मान भारत योजना सत्तरीच्या पुढील सर्व नागरिकांस खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. घरात असे दोघे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. याचे 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आधारवरून निघते. खाजगी विमा असला तरी ते काढता येते. केंद्र सरकारच्या वा माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेतील मंडळींना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. हे संरक्षण योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच मिळते, म्हणून दाखल होण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

ज्यांना सत्तरी अद्याप दूर आहे, किंवा ज्यांस अधिक संरक्षण हवे आहे, त्यांच्यापुढे खाजगी व सरकारी कंपन्यांच्या ज्येष्ठांसाठीच्या योजना आहेत. येथे चार गोष्टी नीट पाहाव्या.

पहिली, प्रतीक्षाकाळ. पूर्वीपासून असलेल्या आजाराचा खर्च काही काळ मिळत नाही. हा काळ पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असू शके; २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त ३६ महिने केला. काही योजनांत तो याहून कमी असतो, त्या आधी पाहाव्या.

दुसरी, आपला वाटा. ज्येष्ठांच्या पुष्कळ योजनांत बिलाचा काही भाग रुग्णानेच सोसावयाचा असतो. हा वाटा शेकडा २० असेल, तर एक लाखाच्या मान्य बिलात २० हजार आपल्या खिशातून जातील. हप्ता स्वस्त का, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

तिसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. दिवसाला ३ हजारांची मर्यादा असता ६ हजारांची खोली घेतली, तर केवळ भाडेच नव्हे, डॉक्टरांच्या फीसारखा इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जाऊ शकतो.

चौथी, हप्त्याची वाढ आणि सातत्य. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात शेकडा १० हून अधिक वाढवावयाचा तर कंपनीने आधी विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील शेकडा १८ चा वस्तू व सेवा करही उठला आहे. तेव्हा नूतनीकरण चुकवू नका. खंड पडला की प्रतीक्षाकाळाचे मोजलेले महिने वाया जातात.

आता मुख्य गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थांस अर्ज भरताना प्रतिनिधीने सांगितले, "साखर लिहू नका, हप्ता वाढेल." त्यांनी लिहिली नाही. दोन वर्षे हप्ते भरले. पुढे पायाच्या जखमेसाठी दाखल झाले, तेव्हा जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि दावा नामंजूर झाला. हप्तेही गेले आणि उपचाराचे पैसेही घरचेच गेले. बंधूंनो, आजार लिहिल्याने हप्ता कदाचित वाढेल. लपविल्याने विमाच नाहीसा होतो. सलग ६० महिने झाल्यावर सिद्ध झालेल्या लबाडीखेरीज माहिती लपविल्याच्या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही, हे खरे. परंतु पाच वर्षे दुखणे थांबेल, असा करार यमराजाशी कोणी केला आहे? अर्ज स्वतः वाचावा, सही त्यानंतर करावी, प्रत घरी ठेवावी. विमापत्र हाती आल्यावर ३० दिवसांत पसंत नसल्यास परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. त्यास काही फी पडत नाही.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक विम्यांतून मिळत नाही. त्यासाठी जनऔषधी केंद्रे आहेत. आणि डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडास सुरू केलेल्या कार्याने खेड्यातील सामान्य स्त्रियांच्या हातून आरोग्य कसे राखता येते, हे जगाला दाखविले. त्याच जिल्ह्यात आपण रक्तदाब न तपासता बसणे शोभत नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. दरमहा एका रविवारी आपल्या शिकलेल्या मुलामुलींपैकी दोघांनी कार्यालयात बसावे. सत्तरीवरील प्रत्येकाचे कार्ड काढून द्यावे, आणि इतरांचे अर्ज त्यांना मराठीत वाचून दाखवावे. यास निधी लागत नाही, वेळ लागतो. मुलांनीही आईबापांस, "तुम्हांला काय होते आहे?" हे दाखल करण्यापूर्वी विचारावे; आणि आईबापांनी ते मुलांपासून लपवू नये.