पैसा फंडापासून सात्यापर्यंत

तळेगाव दाभाड्यात १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, तो लोकांच्या पैशा-पैशातून. वर्षाकाठी माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी धंदा उभा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याला मिळाले. इथे भट्टीपुढे उभं राहून काच फुंकायला शिकलेली मुलं पुढे देशातल्या इतर कारखान्यांत गेली. मावळातलं खासगी तंत्रशिक्षण असं सुरू झालं. त्यात सरकारचा पैसा नव्हता, आणि शिकणाऱ्याच्या घरावर सगळा भारही नव्हता.

आज मावळातलं जे घर मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगला घालतं, ते हा भार एकट्याने उचलतं. म्हणून या विषयाची चर्चा व्हायला हवी.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. तोवर जागा इतक्या थोड्या होत्या की चांगल्या गुणांची मुलंही बाहेर राहत. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ही लाट पुण्यातून पिंपरी-चिंचवडला आणि तिथून जुन्या महामार्गाने मावळात आली. कुसगावला सिंहगड, तळेगावला नूतन महाराष्ट्र आणि डी. वाय. पाटील अशी महाविद्यालयं झाली. २०२३ पासून सात्याला पिंपरी चिंचवड विद्यापीठ सुरू आहे. निगडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय चालवणाऱ्या ट्रस्टचंच हे खासगी विद्यापीठ.

कॉलेज खासगी आणि विद्यापीठही खासगी, मग फरक काय, असं पालक विचारतात. फरक मोठा आहे आणि तो आधी खिशाला कळतो. खासगी महाविद्यालयातल्या बहुतेक जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांमधून भरतात आणि तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॅपमधून जागा लागली आणि उत्पन्नाच्या अटीत बसलं, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. पण त्याच निर्णयात अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. संस्थास्तरावरचे प्रवेशही वगळलेले आहेत. म्हणजे आंदर मावळातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला तळेगावच्या कॉलेजात जी माफी मिळेल, ती तिथून थोड्याच अंतरावरच्या विद्यापीठात मिळणार नाही. हे तिच्या वडिलांना प्रवेशाची पावती फाडल्यावर कळावं, ही गोष्ट क्लेशाची आहे. शाळांनी बारावीच्या वर्गातच हे सांगायला हवं.

मग विद्यापीठाकडे जायचं कशासाठी? त्याचं खरं उत्तर अभ्यासक्रमात आहे. खासगी विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होतं आणि स्वतःची पदवी देतं. काय शिकवायचं आणि परीक्षा कशी घ्यायची हे तेच ठरवतं. कुसगावचं संलग्न महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आखलेला अभ्यासक्रम शिकवतं. तोच नाशिकला आणि तोच अहिल्यानगरला. मधे स्वायत्त महाविद्यालयांची पायरी आहे. त्यांना अभ्यासक्रमाची मोकळीक असते, पदवी मात्र मूळ विद्यापीठाची. ही मोकळीक हेच खासगी विद्यापीठाचं भांडवल. इमारत, वातानुकूलित वर्ग, कॅम्पसचा व्हिडिओ हे सगळं त्यापुढे गौण आहे.

या मोकळिकीचं काय करता येईल, ते लोणावळ्यात दिसतं. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांत पावसाळ्याचं पाणी साठवायचं आणि पोलादी नळांतून घाटाखाली सोडायचं, अशी ही योजना. उतार पाचशे मीटरहून जास्त. दर दहा मीटर पाण्याला एक वातावरण दाब धरला, तर नळाच्या तळाशी हवेच्या पन्नास पट दाब होतो. घर्षण सोडून हिशेब केला, तर तोटीतून सुटणाऱ्या झोताचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर भरतो. तो पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतो. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो. तो झोताला दुभंगतो आणि दोन्ही अर्धे जवळजवळ आल्या दिशेला वळवतो. वाटीचा वेग झोताच्या निम्मा ठेवला की पाण्यातली बहुतेक ताकद चाकाला मिळते.

हे गणित मेकॅनिकलच्या पुस्तकात असतंच. विद्यार्थी ते सोडवतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. लोणावळ्याच्या लोकलने रोज वळवणजवळून जाऊनही त्याला कुणी सांगत नाही की हे गणित इथलं आहे. सिव्हिलवाल्याला इथे शंभर वर्षांचं दगडी धरण आहे, इलेक्ट्रिकलवाल्याला जनित्र आहे, आणि कॉम्प्युटरवाल्याला चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवण्याचा हिशेब आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या नव्या जोडरस्त्याचा, म्हणजे मिसिंग लिंकचा, बोगदा तर लोणावळा तलावाच्या खालून जातो. ज्या विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम आपण लिहायचा अधिकार आहे, त्याने एक अख्खं सत्र या घाटावर का बेतू नये? प्रवेशाच्या जाहिरातीत परदेशी करारांची यादी छापण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यासाठी कारखान्यात आणि धरणावर वावरलेला प्राध्यापक लागतो.

कारखाने बदलतात, हेही मावळाने पाहिलं आहे. तळेगावला जनरल मोटर्सच्या गाड्या २००८ पासून बनू लागल्या आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. प्रवेश घेताना जवळच्या कारखान्यात नोकरी मिळेल या हिशेबाने ब्रँच निवडणारा मुलगा चौथ्या वर्षाला तो कारखानाच बंद झालेला पाहू शकतो. त्याच्या हाती उरतात ती मूळ तत्त्वं आणि यंत्राला हात घालण्याची सवय. म्हणून प्लेसमेंटचा सर्वात मोठा आकडा विचारण्यापेक्षा प्रयोगशाळेत एका यंत्राजवळ किती मुलं उभी असतात ते पाहावं. प्रयोग मुलं स्वतः करतात की गेल्या वर्षीची फाईल उतरवून सबमिशन होतं, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारावं.

कॅपचा पर्याय-अर्ज भरण्याआधी आणखी एक करावं. विद्यापीठाकडून पहिल्या वर्षाचं शुल्क सगळेच विचारतात. चारही वर्षांचं शुल्क, दरवर्षीची वाढ, वसतिगृह, परीक्षा आणि प्रवेश रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम, हे सगळं लेखी मागावं. ते कागद घरी न्यावेत, कॅपमधून लागू शकणाऱ्या कॉलेजच्या आकड्याशेजारी ठेवावेत, आणि मुलाला किंवा मुलीला त्या बैठकीत बसवावं.