पाण्याखाली श्वास घेताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



सहल समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. पुढच्या फेब्रुवारीत आपल्या बॅचनं अंदमानला जायचं घाटतंय आणि ग्रुपवर दोन महिने एकच वाद चालू आहे: स्कूबा डायव्हिंग ठेवायचं की वगळायचं? "पोहता येत नाही", "पन्नाशी जवळ आली, आता कसलं", "मला बीपीची गोळी चालू आहे", असे सगळे सूर उमटले. मी हॅवलॉकला तीनदा जाऊन आले आहे, म्हणून उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं.

हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं. जुन्या पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, वेगवान बोटीनं सुमारे दोन तास लागतात. तिथे किनाऱ्यांना नंबर आहेत. २ नंबरच्या किनाऱ्याजवळ जे प्रवाळ आहे, त्याला सगळे 'निमो रीफ' म्हणतात. नवख्यांना पहिल्यांदा पाण्यात नेतात ते बहुतेक इथेच. वाळूवरून चालत कमरेइतक्या पाण्यात जायचं, तिथे उभं राहून सामान चढवायचं आणि मग हळूहळू खोल सरकायचं. होडीतून उडी मारणं नाही. हवा चांगली असली की लाटा जवळपास नसतात. प्रवाळ उथळ पाण्यातच सुरू होतं, त्यामुळे थोडं खाली गेलं तरी बघायला भरपूर मिळतं. पहिल्या अनुभवासाठी जगभर १२ मीटरची मर्यादा पाळतात, आणि इथे तेवढंही खोल जावं लागत नाही.

आता पोहण्याचं. आपल्या गावातली मुलं पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. आपण मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलो. "पोहता येत नाही" असं ग्रुपवर लिहिणाऱ्या अकरा जणांपैकी नऊ जणी का आहेत, याचं उत्तर त्या विहिरीच्या काठावर आहे. तर मैत्रिणींनो, प्रशिक्षकाबरोबर एकदा अनुभव म्हणून खाली जायला पोहता येण्याची अट सहसा नसते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमचं सामान धरून बरोबर असतो. पुढे रीतसर कोर्स करून परवाना घ्यायचा असेल, तर मात्र २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. मी स्वतः एकेचाळिसाव्या वर्षी तरणतलावात आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकले. मजा आली.

पाण्याखाली प्रत्यक्ष काय होतं? पाठीवर सिलिंडर असतो. त्यात ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. मास्कनं डोळे आणि नाक झाकलेलं असतं, श्वास फक्त तोंडानं घ्यायचा. पहिलं एक मिनिट विचित्र जातं. चेहरा पाण्यात गेला की शरीर आपोआप श्वास धरून ठेवायला बघतं, आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट करायचं असतं. म्हणून आधी कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसून श्वासाचा सराव करतात. तो घाईनं उरकू देऊ नका. "मला अजून पाच मिनिटं हवीत" असं बिनधास्त सांगा.

श्वास धरायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम आहे. त्याचं कारण आपल्याला नववीत शिकवलं होतं. बाई, तुम्ही सायकलचा पंप वर्गात आणला होतात, तोंडावर अंगठा दाबून बॉइलचा नियम दाखवला होतात. दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं. पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला जवळपास तेवढाच दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. १० मीटरवर भरलेला फुगा तसाच वर आणला, तर तो दुप्पट होतो. तोच ३० वरून २० वर आणला, तर फक्त एक तृतीयांशानं वाढतो. सगळ्यात मोठा बदल शेवटच्या १० मीटरमध्ये होतो, म्हणजे नेमका आपण जिथे असणार त्या उथळ पाण्यात. फुग्याच्या जागी भरलेली फुफ्फुसं ठेवा. श्वास चालू असेल, तर वाढलेली हवा आपोआप बाहेर जाते. श्वास धरून घाईनं वर आलं, तर फुफ्फुसाला इजा होते. म्हणून पाणी शांत आहे, उथळ आहे, एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. संथ श्वास आणि संथ चढण, एवढं दोन्ही पाळायचं.

कानांचंही तेच. खाली जाताना कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की तो सुटतो. दर मीटर-अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधीच हे करायचं. सर्दी असेल तर कान सुटत नाहीत, त्या दिवशी काठावर बसून शहाळं प्यायचं.

खुणाही शिकून घ्या. आपल्याकडे अंगठा वर केला की 'मस्त' असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा आहे. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. हे विसरलात, तर "छान चाललंय" म्हणता म्हणता वर येऊन पोचाल. आणि तो वर केलेला अंगठा कुणी कधीही दाखवू शकतो. त्याला कारण द्यावं लागत नाही. डायव्हिंगमधली ही पद्धत मला फार आवडते. सहलीला जाताना आपण ती वर येऊनही पाळायची. कुणी ऐन वेळी नको म्हटलं, तर त्याची फिरकी घ्यायची नाही. आपली बॅच त्या बाबतीत किती तरबेज आहे, हे सरांना ठाऊक आहे.

आता बीपीच्या गोळीचं. पाण्यात जायच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, रक्तदाब, गर्भारपण, चालू औषधं, असे प्रश्न त्यात असतात. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं, तर डॉक्टरांचं पत्र मागतात. ग्रुपवर कुणीतरी सल्ला दिला, "सगळीकडे 'नाही'वर खूण कर, कोण बघतंय?" मी हात जोडून सांगते, असं करू नका. रक्तदाब आटोक्यात असेल, तर अनेकांना डॉक्टर परवानगी देतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि इथेच, निघायच्या महिनाभर आधी. तिथे सकाळी सात वाजता किनाऱ्यावर फॉर्म हातात घेऊन नव्हे. ज्याला परवानगी मिळणार नाही, त्याच्यासाठी तिथेच मास्क आणि नळी लावून वरून प्रवाळ बघायची सोय आहे. उथळ पाण्यात तेही पुष्कळ दिसतं.

खाली काय दिसतं? पहिली गंमत रंगांची. पाणी लाल रंग आधी गिळतं. माझ्या मनगटावर पूजेचा लाल धागा होता, काही मीटर खाली तो तपकिरी दिसायला लागला. मास्कमधून वस्तू जवळ आणि मोठ्या वाटतात, त्यामुळे हात पुढे करावा तर मासा अजून लांबच असतो. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा, ज्याला मुलं निमो म्हणतात, तो समुद्रफुलाच्या दंशाच्या तंतूंमध्ये बिनधोक राहतो. त्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी. ती मेली, की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो आणि घर पुढे चालतं. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो, आणि त्याच्या पोटातून पीठ होऊन बाहेर पडतं ते वाळू बनतं. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो, तिच्यातला काही भाग असा आलेला असतो.

आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते इवल्या प्राण्यांची वसाहत असतं. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न करतं आणि बरंचसं यजमानाला देतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून राहिलं, की प्राणी ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हे लांबलं, तर उपासमारीनं मरतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातून वाचलेलं आणि नव्यानं रुजलेलं असं दोन्ही आज तिथे आहे. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे आपण पहिलीत होतो तेव्हापासून वाढत आलेला एखादा घुमट आज गुडघ्याइतका असेल. नवख्या माणसाची एक लाथ त्याला पुरते.

शांत, उथळ पाण्याचा हाच पेच आहे. आपल्यासारख्या पहिलटकरांना जिथे नेता येतं, तिथेच सगळ्यात जास्त पहिलटकर जातात. पायात लांब फिन्स असतात, घाबरलं की आपण पाय झाडतो, आणि आधारासाठी हात जातो तो प्रवाळावर. म्हणून माझी समितीला विनंती आहे, की स्वस्तात पंधरा मिनिटांत बुडवून काढणाऱ्याकडे आपण जायचं नाही. एका प्रशिक्षकामागे एकच जण, आधी नीट सराव आणि हात छातीशी बांधून, असं नेणाऱ्याकडेच जायचं. थोडे जास्त पैसे पडतील, ते पडू देत. शिंपला असो की प्रवाळाचा तुकडा, काहीही पिशवीत घालायचं नाही. टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच परिशिष्टात आहे.

काहींनी विचारलं, मालवण काय वाईट? मुळीच वाईट नाही. तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रही आहे. पण तिथे नद्यांचा गाळ येतो, पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला दूरवर स्वच्छ दिसलं, की अर्धी भीती तिथेच जाते, म्हणून मी हॅवलॉक म्हणते.

एक हिशेब समितीसाठी. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त केल्या तर १८. म्हणून डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

माझं मत विचाराल, तर डायव्हिंग ठेवावं, सक्ती कुणावर नसावी, आणि डॉक्टरांचं पत्र जानेवारीअखेर समितीकडे द्यावं. ज्या नऊ जणींना पोहता येत नाही, त्यांच्यासाठी मी दिवाळीनंतर चार रविवार तरणतलावावर यायला तयार आहे. निदान चेहरा पाण्यात घालायची सवय होईल. नावं आज जेवणाआधी माझ्याकडे द्या. सर, बाई, तुम्हीही आलात तर आम्हाला आनंदच आहे. वयाची वरची मर्यादा अशी नसते, फॉर्म मात्र तुम्हालाही भरावा लागेल.