रॉबर्ट डंकनसन: शाळेविना घडलेला चित्रकार

रॉबर्ट डंकनसन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय निसर्गचित्रकार. जन्म १८२१चा. घरांना रंग देणं हा त्यांचा सुरुवातीचा व्यवसाय. कलाशाळेत ते कधी शिकले नाहीत. मग शिकले कसे? छापील चित्रांच्या नकला करून. निसर्ग निरखून. स्वतः शिकणं हेही कठोर शिक्षणच असतं. ‘ब्लू होल’ हे त्यांचं १८५१चं चित्र याचा पुरावा आहे. लिटल मायामी नदीचं संथ पाणी. काठावर मासे धरणारी माणसं. दाट झाडी आणि वर उजळ आकाश. ही जाण बारीक निरीक्षणातूनच येते.

कुणी म्हणेल, श्रीमंत आश्रयदात्यांनी त्यांना मोठं केलं. मदत झाली, हे खरं. सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थ यांनी त्यांच्याकडून घराच्या भिंती रंगवून घेतल्या. पण आश्रयदाता भिंत देतो. चित्र चित्रकारालाच काढावं लागतं. ती भित्तिचित्रं आज टॅफ्ट कलासंग्रहालयात आहेत. पुढे यादवी युद्धाच्या काळात डंकनसन कॅनडात गेले, नंतर ब्रिटनमध्ये. तिथल्या रसिकांनीही त्यांना दाद दिली. परक्या देशातली ही दाद त्यांच्या कामाला होती. म्हणून श्रोतेहो, पुन्हा सांगते: त्यांना कलाशाळा मिळाली नाही, पण त्यांचं शिक्षण कधी थांबलं नाही.