देवमासा मासा नव्हे



देवमासा हा मासा आहे की नाही, हा प्रश्न एकदा कोर्टात गेला होता. १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये तेलाच्या तीन पिपांवरून खटला झाला. माशाच्या तेलाची तपासणी सक्तीची. व्यापारी म्हणाला, हे तेल देवमाशाचे, माशाचे नव्हे. सॅम्युएल मिचिल या विद्वानाने तशी साक्षही दिली. ज्यूरीने मात्र देवमासा हा मासाच ठरविला!

निसर्ग ज्यूरीचे ऐकत नाही. देवमाशाला आणि त्याच्या भाऊबंदांतल्या डॉल्फिनला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. माशाचे शेपूट डावीउजवीकडे हलते, यांचे वरखाली. पिले आईच्या दुधावर वाढतात. आणि निळ्या देवमाशाच्या दुधात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्निग्धांश, म्हणजे आपल्या म्हशीने लाजावे!

ही नुसती पंडिती चर्चा नव्हे. कोकणकिनारी देवमासा वाळूत रुतला की लोक धावतात, मासा समजून घागरीने पाणी ओततात. कातडी ओली ठेवावी, हे खरेच. पण डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी शिरले तर तो गुदमरेल. आधीच स्वतःच्या वजनाने त्याची फुप्फुसे दबलेली असतात. म्हणून नाकपुडी मोकळी राखा, शेपटीला दोर बांधून ओढू नका, गर्दी हटवा आणि वनखात्याला ताबडतोब कळवा.