काचेतल्या गोळ्या आणि खोक्यावरचं लेबल

मागच्या महिन्यात संगमनेरहून एक पत्र आलं. लिहिणाऱ्यांचं शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान आहे. दुकानाबाहेर त्यांना ते काचेच्या गोल डोक्याचं यंत्र ठेवायचंय. नाणं टाकून मूठ फिरवली की रंगीत च्युइंगमची गोळी घरंगळत खाली येते, ते. यंत्र ठरलं, गोळ्या ठरेनात. घाऊक बाजारात तीन भाव मिळाले. चिनी माल सगळ्यांत स्वस्त, तुर्की सगळ्यांत महाग, आपल्याकडचा मधला. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मंडळी म्हणतात, चायनाचं काही पोरांच्या तोंडात नको. मॅडम, तुमचं काय मत?"

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे सरळच सांगते. मंडळींची धास्ती खोटी नाही, फक्त तिचा पत्ता चुकलाय.

ही धास्ती आली कुठून, ते आधी बघू. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइन सापडलं. मेलामाइन म्हणजे ज्याची न फुटणारी ताटं-वाट्या करतात ते. ते दुधात घालायचं कशाला? तर दुधातली प्रथिनं मोजायची आमची जुनी पद्धत मुळात प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. म्हणजे दुधात पाणी ओता, वर थोडं मेलामाइन टाका, की तपासणीत दूध कसदार! सहा बाळं दगावली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले. कागदावर ससा छापलेली चीनची ती प्रसिद्ध दुधाची गोळी देशोदेशीच्या दुकानांतून परत गेली. आपल्या सरकारनं त्याच सप्टेंबरात चिनी दुधावर आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली. पुढे दूध घातलेली चॉकलेटं, गोळ्याही त्यात आल्या, आणि बंदीची मुदत वाढत राहिली. २०१९ साली ठरलं की बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासायला सज्ज होईपर्यंत ती उठवायची नाही.

तेव्हा चिनी दुधाची मिठाई कोणी पुढे केली तर भावही विचारू नका. पण आपल्या पत्रलेखकांना हवंय च्युइंगम, आणि साध्या च्युइंगमच्या गोळीत दूध नसतंच.

मग असतं काय? साखर, ग्लुकोजचं सिरप, स्वाद, रंग आणि चघळायचा डिंक. या डिंकाची गोष्ट आपल्या अंगणातली आहे म्हटलं तर चालेल. कच्चा चिकू तोडला की देठाशी पांढरा चीक येतो आणि ओठाला लागला की ओठ चिकटतात, हे लहानपणी कोणी अनुभवलं नाही? मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातल्या याच झाडाच्या खोडाला खाचा मारून तो चीक गोळा करायचे, आटवायचे आणि चघळायचे. त्याला तिकडे 'चिकले' म्हणतात. आपला 'चीक' आणि त्यांचं 'चिकले', नुसता योगायोग, पण मला मोठा गोड वाटतो. न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सनं त्याचा धंदा उभा केला आणि १८८८ साली तिथल्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगमची नाण्यांची यंत्रं बसवली. आपल्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तोही याच जातीचा. आता मात्र बहुतेक च्युइंगममध्ये चिकूचा चीक नसतो. पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट अशी कारखान्यात बनलेली द्रव्यं असतात. नावं ऐकून दचकू नका. ती पोटात विरघळत नाहीत, चघळून थुंकायचीच असतात. चुकून एखादी गोळी गिळली तर आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं राहते ही आज्यांची भीती. गिळलेली गोळी दोन-चार दिवसांत आपल्या वाटेनं बाहेर पडते. रोज मूठभर गिळणाऱ्या एखाद्या पोराची गोष्ट वेगळी, तिथे क्वचित आतडं तुंबतं.

पोटात जातं ते वरचं साखरेचं रंगीत कवच. गोळी तोंडात टाकली की पहिल्या दोन मिनिटांत जीभ निळी होते ना, तेच. आपल्याकडे खायच्या कृत्रिम रंगांची यादी पूर्वापार आठ नावांची आहे : टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पाँसो फोर-आर, एरिथ्रोसीन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन. डब्यावर ही नावं किंवा त्यांचे आकडे छापलेले असतात. १०२ म्हणजे टार्ट्राझीन, १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्लू. गंमत अशी की या यादीवर जगाचं एकमत नाही. टार्ट्राझीनसारखे सहा रंग असले तर युरोपात २०१० पासून डब्यावर इशारा छापावा लागतो की मुलांच्या चळवळेपणावर आणि लक्ष लागण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसीनची खाण्यातली परवानगी काढून घेतली. गोळी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून लागणारं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२ मध्ये खाण्यातून हद्दपार केलं. मला विचाराल तर आठवड्यातून एखादी गोळी खाणाऱ्या मुलासाठी मी यावर डोकं शिणवणार नाही. मी घाबरते ते यादीबाहेरच्या रंगाला. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू आणि पुद्दुचेरीत 'बुढ्ढी के बाल'वर बंदी आली, कारण त्यात रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा गुलाबी रंग सापडला. तो माल चीनहून आला नव्हता. इथेच, हातगाडीवर तयार होत होता.

दुसरी धास्ती शिशाची. शिसं मुलांच्या मेंदूवर घाव घालतं, आणि त्याला ना चव ना वास. घरी ओळखायची युक्ती नाही, कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. मुलांच्या मिठाईत दहा लाख भागांत ०.१ भागापेक्षा जास्त शिसं नको, अशी मर्यादा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २००६ साली घालून दिली. त्याला निमित्त होतं मेक्सिकोच्या चिंच-मिरचीच्या गोळ्यांचं. काही ठिकाणी मिरचीबरोबर आलेली माती, काही ठिकाणी वेष्टनाच्या शाईतलं शिसं.

आता एक गोष्ट सांगते. आपल्या कॉलर ताठ असतात म्हणून मुद्दाम सांगते. २००३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये चार वर्षांच्या एका मुलाच्या पोटात दुखायला लागलं. तपासलं तर पोटात धातूचं पदक. गळ्यातल्या खेळण्यातल्या साखळीचं, अशाच नाण्याच्या यंत्रातून आलेलं. रक्तात शिसं किती? दर डेसिलीटरला १२३ मायक्रोग्रॅम. त्या काळी तिथे १० च्या वर गेलं की डॉक्टर सावध होत. त्या साखळ्या १४ लाख होत्या, परत मागवल्या. पुढच्या वर्षी जुलैत यंत्रांतून विकलेले तसलेच धातूचे दागिने परत मागवले, ते किती? पंधरा कोटी नग! आणि ते बनले होते भारतात. तिकडच्या आयांच्या लेखी 'बाहेरचा माल' म्हणजे आपण.

युरोपचं नाव घेतलं की आपण निर्धास्त होतो. २०२२ च्या वसंतात बेल्जियममधल्या आर्लोन गावच्या कारखान्यातल्या चॉकलेटांतून साल्मोनेला हा जंतू कितीतरी देशांतल्या मुलांपर्यंत पोचला. पण तिथे एक बरं होतं. प्रत्येक डब्यावर लॉट क्रमांक, म्हणजे माल कुठल्या खेपेचा ते सांगणारा आकडा, होता, म्हणून मालाचा माग काढता आला.

संगमनेरच्या पत्रलेखकांना मी हेच सांगेन, की चिनी का तुर्की हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, या मालाबद्दल भारतात कोण जाब देणार? खोकं उलटंपालटं करून बघा. आयात केलेल्या मालावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. हा मजकूर कस्टमच्या गोदामात नंतर चिकटवायला नियमानं मुभा आहे, तेव्हा चिकटवलेलं लेबल दिसलं म्हणून बिचकू नका. तो चौदा आकडी क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कोणाचा, चालू आहे का, ते दिसतं. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत हवं. नुसत्या चिनी अक्षरांची बरणी म्हणजे ती सरळ वाटेनं आलेली नाही. हिरवा ठिपका आहे का तेही बघा. शाकाहारी घरांसाठी ते महत्त्वाचं, कारण मार्शमेलोसारख्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं. गोळीवरची चकाकी कधी मेणाची, कधी लाखेची. लाख तर आपल्या झारखंडचं मोठं पीक, कोण जाणे, ती परदेशी गोळीवर बसून परत आपल्याच दारात येत असेल.

तारखेबद्दल सांभाळून. च्युइंगममध्ये पाणी जेमतेम, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. ते नासत नाही, सुकतं, दातांखाली खडूसारखं तुटतं. युरोपात तर च्युइंगमवर 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' छापायची सक्तीच नाही. इतर मिठाईचं तसं नाही. आपला नियम असा की कस्टममधून सुटताना आयात मालाचं ६० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला तीन महिने, यांतलं जे कमी ते शिल्लक हवं. म्हणून निम्म्या भावात मिळणारी 'इंपोर्टेड' चॉकलेटं बहुतेकदा उंबरठ्यावरची असतात. मी स्वतः एकदा मुंबईच्या एका बाजारात परदेशी गोळ्यांचा डबा घेतला. घरी आल्यावर तारखेवरची चिकटपट्टी जराशी उचललेली दिसली. नखानं खरवडली. खाली दुसरी तारीख होती, आठ महिने आधीच संपलेली. प्रयोगशाळेतली बाई, आणि दुकानात चष्मा पर्समध्येच! तेव्हापासून तारखेवर अंगठा फिरवून बघते. छपाई सपाट लागते, पट्टीची कड बोटाला कळते.

आता यंत्राकडे वळू. घोळ खरा इथे होतो. खोक्यावरचं सगळं लेबल वाचून तुम्ही गोळ्या काचेत ओतता आणि खोकं रद्दीत जातं. त्या क्षणी त्या गोळ्या बेवारशी होतात. मिठाईच्या दुकानातल्या सुट्या बर्फीपुढेही ऑक्टोबर २०२० पासून 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावायला सांगितलंय. मग तुमच्या काचेनंच काय घोडं मारलंय? खोक्याची लेबलाची बाजू कात्रीनं कापा आणि यंत्राच्या मागच्या अंगाला आतून चिकटवा. बिलही जपून ठेवा. बिल न देणारा घाऊक व्यापारी कितीही ओळखीचा असो, त्याच्याकडून माल नको. जुन्या गोळ्यांवर नव्या ओतू नका, आधी तळ रिकामा होऊ द्या. पावसाळ्यात गोळ्यांना घाम सुटतो, रंग काचेला लागतो, मुंग्या येतात. जून ते सप्टेंबर अर्धीच बरणी भरा आणि आठवड्याला काच पुसा.

आकाराचं राहिलं. अमेरिकेत एक इंची गोळ्यांचं खोकं ८५० नगांचं येतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तिथे सव्वा इंच व्यासाचं नळकांडं ठेवलंय. त्यात मावणारं खेळणं त्या वयाला विकायचं नाही. एक इंची गोळी त्यात अलगद बसते, म्हणजे लहानग्याच्या घशातही बसू शकते. पाच वर्षांखालच्या मुलाला ती देऊ नका, आणि यंत्रावर हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. यंत्राची मूठ बहुधा खालीच असते, बरोबर त्याच पोरांच्या हाताशी. ती वर घ्या.

बिनसाखरेच्या गोळ्या ठेवणार असाल तर त्यातलं सॉर्बिटॉल जास्त झालं की पोट सुटतं. झायलिटॉल असेल तर दुकानाबाहेरच्या कुत्र्यापासून ती जपा, त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि संशय आलाच, रंग हाताला पक्का बसतोय, वास रॉकेलसारखा येतोय, तर १८००-११२-१०० हा एफएसएसएआयचा बिनपैशाचा क्रमांक आहे. फोन करायच्या आधी मागच्या बाजूला चिकटवलेल्या तुकड्यावरचा लॉट क्रमांक कागदावर उतरवून घ्या. तो नसेल तर तक्रार ऐकून घेणाऱ्यालाही फार काही करता येत नाही.