निळ्या ओठांची भाषा
(व्याख्यानाचा सारांश)



खेळता खेळता एखादे मूल धापा टाकते, त्याचे ओठ व नखे निळसर दिसू लागतात आणि ते आपोआप उकिडवे बसते. क्षणभरात त्याला बरे वाटते व ते पुन्हा खेळू लागते. घरची मंडळी म्हणतात, ‘अशक्त आहे, मोठे झाले की सुधारेल.’ वस्तुतः त्या निळ्या ओठांतून हृदयच बोलत असते.

हजार नवजात अर्भकांपैकी सुमारे आठ ते नऊ अर्भकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यांतील ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा ठळक प्रकार होय. मार्से येथील वैद्य आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. यात चार विकृती एकत्र नांदतात. दोन जवनिकांमधील पडद्याला छिद्र असते. फुप्फुसांकडे जाणारा मार्ग अरुंद असतो. महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली असते. आणि अधिक जोर लावावा लागल्याने उजव्या जवनिकेची भिंत जाड होते. परिणामी प्राणवायू कमी असलेले रक्त फुप्फुसांत न जाता थेट शरीरात जाते. उकिडवे बसल्याने पायांतील रक्तवाहिन्यांवर दाब येतो, शरीराकडील वाट बिकट होते आणि रक्त फुप्फुसांकडे अधिक वळते. बालकाला हे कोणी शिकविलेले नसते.

या व्याधीवर एकेकाळी इलाज नव्हता. बाल्टिमोर येथील डॉ. हेलेन टॉसिग यांना ऐकू कमी येई. त्या बोटांच्या स्पर्शाने बालकांच्या हृदयाची स्पंदने जाणत. फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट काढावी, ही कल्पना त्यांची. विवियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने प्रयोगशाळेत तिचे तंत्र सिद्ध केले आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका बालिकेवर शस्त्रक्रिया केली. त्या वेळी थॉमस मागे उभे राहून मार्गदर्शन करीत होते. ती बालिका पुढे काही महिनेच जगली. परंतु तिने उघडलेल्या वाटेने असंख्य बालके जगली. १९५४ मध्ये मिनियापोलिस येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून मूळ दोषच दुरुस्त केला. आज ही दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षातच केली जाते.

म्हणजे आता उणीव आहे ती वेळेवर ओळखण्याची. दूध पिताना घाम येणे व दम लागणे, वजन न वाढणे, ओठ निळे पडणे यांपैकी काही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. इकोकार्डिओग्राफीने निदान होते. अकस्मात निळेपणा वाढल्यास गुडघे छातीशी घेऊन बालकाला शांत करावे व तातडीने रुग्णालय गाठावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय आहे. शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर नियमित तपासणी व दातांची निगा आवश्यक असते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. गर्भारपणी ग्रहण पाळले नाही, म्हणून आईला बोल लावला जातो. हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच होते आणि बहुतेक वेळा दोषाचे निश्चित कारण सापडत नाही. त्या मातेला दोष नको, आधार हवा. तो वेळीच लाभला, तर तिचे मूल इतर मुलांबरोबर धावू शकेल.