एकट्यासाठी कुकर कोण लावणार?
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



आत मोदक वाफवले जात आहेत, तेव्हा थोडक्यात बोलते. मोदक खाऊ नका असे मी सांगणार नाही. माझी तक्रार तुमच्या रात्रीच्या चहा-टोस्टविषयी आहे.

इंदूरच्या आपल्या कितीतरी घरांत आता दोघेच असतात, नाहीतर एकटेच. मुले पुण्याला, बंगळुरूला. मग सकाळी पोहे-शेव, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री चहात बुडवून टोस्ट. पोट भरते, पण प्रथिने फारच कमी पडतात. वयाबरोबर स्नायू झिजतातच. प्रथिने कमी पडली की आणखी भराभर झिजतात. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, तोल जातो, आणि एकदा खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांना पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे जमत नाही.

उतारवयात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलोच्या आजींना रोज ५५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून साधारण ६ ग्रॅम मिळतात, कपभर दुधातून किंवा एका अंड्यातूनही जवळपास तेवढीच. टोस्टवर हा हिशेब जुळणार कसा? पोह्यांवरची शेव कमी करा, मटार आणि दाण्याचे कूट वाढवा. शेवेतले मीठही त्यामुळे टळेल. रात्री मुगाची मऊ खिचडी आणि दही घ्या. दात नसतील तर पिठले, मुगाचे धिरडे. साबूदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट. उपासाला राजगिरा बरा. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी मंडळींनी बी-१२ तपासून घ्यावे, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. पायाला मुंग्या येणे, विसरायला होणे हे दर वेळी वयामुळेच असते असे नाही. तहानही या वयात कमी लागते. सकाळी तांब्या भरून समोर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत रिकामा झाला का ते पाहा.

एक विनंती भगिनी मंडळाला. या हॉलमागचे स्वयंपाकघर गणपतीनंतर बहुतेक बंदच असते. आठवड्यातून एक दुपार ते उघडा, एकट्या राहणाऱ्यांना वरण-भाताला बोलवा. सोबत असली की दोन घास जास्त जातात. पहिल्या बुधवारचे वरण माझ्याकडे.